तसर साड्यांच्या दुकानाला जांभळट राखाडी रंग: भिंत, पाटी आणि पिशवी यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: रेषारंग (धरमपेठ, नागपूर)

सर्व जाणकारांस नमस्कार. धरमपेठेतील एका छोट्या साडी दुकानाच्या अंतर्गत सजावटीचे काम माझ्याकडे आले असून पाटी, कागदी पिशवी, किमतीची चिठ्ठी आणि संकेतस्थळ हेही मीच करायचे आहे. दुकानात मुख्यतः भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगाव भागातील तसर आणि करवतकाठी साड्या असतात. इतर दुकानांतला मरून-सोनेरी थाट नको आणि डोळ्यांवर येणारा पांढराही नको, एवढीच मालकीणबाईंची अट आहे. माल आधी दिसावा, भिंत मागाहून, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला पटते.

त्यानुसार मी एक मातकट, जांभळट राखाडी छटा निवडली. संगणकावर ती साधारण लाल १५३, हिरवा १२२, निळा १४१ अशी येते. पडद्यावर ती अतिशय शांत वाटली आणि मालकीणबाईंनाही लगेच आवडली. मात्र भिंतीवर नमुन्याचा चौकोन मारून घेतल्यापासून अडचण सुरू झाली आहे. सकाळी तो चौकोन ओल्या सिमेंटच्या रंगाचा दिसतो. दुपारी चारनंतर पश्चिमेचे ऊन काचेतून आत येऊ लागले की स्पष्ट गुलाबी होतो. आणि रात्री सध्याच्या एलईडी नळ्यांखाली त्यातला जांभळा सगळा निघून जाऊन निळसर, निस्तेज असे काहीतरी उरते.

दुकान रुंदीला कमी आणि आत खोल गेलेले आहे. बल्लारशाच्या सागवानाची जुनी कपाटे तशीच ठेवायची आहेत, कारण ती उत्तम आहेत आणि बदलायला पैसेही नाहीत. फरशी हिरवट कोट्याची आहे. छटा बदलावी की दिवे बदलावेत? आणि भिंतीवरचा हाच रंग पिशवीवर व संकेतस्थळावर आणायचा झाल्यास कोणती काळजी घ्यावी? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील.

उत्तर: वास्तुरेखा (रामदासपेठ)

नमस्कार ताई. आपण छटेविषयी विचारले आहे. मी आधी तिच्या शेजाऱ्यांविषयी बोलतो, कारण इतक्या कमी तीव्रतेच्या रंगाच्या बाबतीत निम्मा निकाल शेजारीच लावतात. लाल किंवा हिरवा रंग कुठेही लावला तरी लाल किंवा हिरवाच राहतो. राखाडीत चिमूटभर जांभळा असेल, तर तो चिमूटभर जांभळा दिसणार की नाही हे त्याच्या बाजूला काय ठेवले आहे यावर ठरते.

पॅरिसच्या गोब्लँ या चित्रजवनिकांच्या (विणून चित्रे काढलेल्या पडद्यांच्या) कारखान्यात एकोणिसाव्या शतकात मिशेल-यूजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आल्यावर त्यांनी तपास केला, तेव्हा काळ्या धाग्याच्या रंगाईत काही खोट आढळली नाही; निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला गेल्यामुळे तो तसा भासत होता. त्यावरून त्यांनी १८३९ साली जो नियम सविस्तर मांडला तो आजही आपल्या कामाचा आहे : दोन रंग शेजारी आले की डोळा प्रत्येकाला दुसऱ्याच्या विरोधी रंगाकडे ढकलतो. पिवळ्याचा विरोधी जांभळा, आणि हिरव्याचा विरोधी गुलबक्षीकडे झुकणारा तांबडा.

आता आपल्या दुकानाकडे पाहा. तसरचा नैसर्गिक रंग मधाळ पिवळसर असतो. सागवानही पिवळट तपकिरी, आणि तेलपाणी केलेले जुने सागवान तर अधिकच. म्हणजे कपाटे आणि त्यांतला मालही भिंतीला जांभळ्याकडे ढकलणार. खालून हिरवट कोटा तिला गुलाबीकडे ढकलणार. रिकाम्या भिंतीवर जी छटा आपल्याला जेमतेम जांभळट वाटते, ती दुकान भरल्यावर चांगलीच जांभळी वाटेल. चौकोन पाहून ठरवण्यात हीच अडचण आहे : त्या चौकोनाच्या भोवती आज जुनी भिंत आहे, साड्या नाहीत.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की आपल्याला डोळ्यांत जी छटा हवी आहे तिच्यापेक्षा एक पायरी अधिक राखाडी आणि किंचित अधिक तपकिरी छटा भिंतीसाठी निवडावी. आपल्याच आकड्यांत सांगायचे तर लाल १५०, हिरवा १३२, निळा १३८ या आसपास. हे आकडे केवळ दिशा दाखवतात. अंतिम निवड शेडकार्डातील पट्टी हातात धरून करावी, आणि तीही तसरची घडी उलगडून तिच्यावर पट्टी ठेवूनच.

दुसरा मुद्दा प्रकाशाचा. सध्या आपल्याकडे बहुधा ६५०० केल्विनच्या कूल डेलाइट नळ्या असाव्यात (केल्विनचा आकडा उजेडाची छटा सांगतो : लहान आकडा पिवळसर, मोठा निळसर). सीताबर्डीपासून सदरपर्यंत बहुतेक दुकानांत त्याच असतात, कारण त्या लख्ख वाटतात. त्यांच्या प्रकाशात निळ्याचा भाग जास्त आणि स्वस्त नळ्यांत तांबड्याचा भाग फारच कमी असतो. आपल्या छटेतला जांभळा मुळात तांबडा आणि निळा मिळून झालेला आहे, त्यामुळे तांबड्याची बाजू उपाशी राहिली की उरते ती निळसर राख. याउलट २७०० केल्विनचा पिवळा प्रकाश दिला तर भिंत विटकरी गुलाबी होईल आणि तसरची पिवळी झाक गरजेपेक्षा वाढेल. साडीच्या दुकानासाठी ३५०० ते ४००० केल्विन हा मला योग्य टप्पा वाटतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९० किंवा अधिक असावा, आणि त्यातही आर-९ चा आकडा दुकानदाराला आवर्जून विचारावा. सीआरआयची सरासरी ज्या आठ नमुन्यांवरून काढतात ते सगळे फिकट रंग असतात. गडद तांबड्याचा नमुना, म्हणजेच आर-९, त्या सरासरीत धरला जात नाही. त्यामुळे खोक्यावर ८० लिहिलेला दिवा गडद तांबड्याच्या बाबतीत अगदीच नापास असू शकतो, आणि करवतकाठी साडीच्या तांबड्या काठावर ते लगेच उघडे पडते. आपल्याकडचे ग्राहक साडीची घडी घेऊन दुकानाच्या दारात जातात, उजेडात पदर तिरपा धरतात आणि मगच बोलतात. दिवे चांगले असतील तर दारातला आणि आतला रंग यांत फार अंतर पडणार नाही.

आपल्या मूळ छटेची परावर्तनक्षमता साधारण २३ टक्के भरते. चांगल्या पांढऱ्या इमल्शनची ८० टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे भिंत तीन चतुर्थांशाहून अधिक प्रकाश गिळणार. खोल दुकानात हे जाणवते. दिव्यांची संख्या त्या हिशेबाने वाढवावी, किंवा लांबीच्या दोन भिंतींपैकी एकीवरच हा रंग ठेवावा. समोरासमोरच्या दोन्ही भिंती याच रंगाच्या केल्या तर एकीचा प्रकाश दुसरीवर पडून रंग आणखी गडद आणि रंगीत होतो. अरुंद जागेत हे नेहमी घडते आणि नमुन्याच्या चौकोनावर ते कधीच कळत नाही.

उत्तर: पुट्टी-प्रायमर (सक्करदरा)

वरील साहेबांनी लिहिलेल्या मुद्द्यांत मी रंगकामाच्या बाजूने भर घालतो. मी ठेकेदारीच करतो, त्यामुळे बोलणे थोडे रोखठोक वाटले तर राग मानू नये.

ताई, भिंतीवर चौकोन मारणे बंद करा. दोन-तीन फुटांचा जाड पुठ्ठा किंवा प्लाय घ्या, त्याला प्रायमर लावा, रोलरने दोन हात द्या, चारी बाजूंनी पांढरी कड न सोडता पूर्ण रंगवा आणि एक रात्र वाळू द्या. मग तो पुठ्ठा दुकानात फिरवा : दाराजवळ, अगदी आत, कपाटाशेजारी, काउंटरच्या मागे. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक असतो आणि या राखाडी छटांत तो विशेष जाणवतो. ब्रशचा एक हात मारून पसंती देणारे गिऱ्हाईक पुढे तक्रार घेऊन येतेच.

टिंटिंग मशीनवर रंग बनवून घेताना त्यात कोणते स्टेनर, म्हणजे छटा आणणारे घट्ट रंग, पडणार आहेत ते विचारा. डबा झाकायच्या आधी मशीनच्या पडद्यावर सूत्र दिसते. जांभळट राखाडी दोन प्रकारे बनते. एका प्रकारात पांढऱ्या बेसमध्ये काळा आणि जांभळा किंवा मॅजेंटा स्टेनर पडतो. दुसऱ्या प्रकारात काळा आणि रेड ऑक्साइड पडतो, आणि लागलाच तर जांभळ्याचे काही थेंब. काळा पांढऱ्यात गेला की निळसर राखाडी होतो, रेड ऑक्साइड पांढऱ्यात गेला की मातकट गुलाबी होतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला हवी तशी मातीची झाक असलेली छटा आपोआप येते. दुसऱ्या प्रकारचा रंग उन्हाला आणि भिंतीतल्या चुन्याच्या खाराला चांगला टिकतो, कारण लोहाचे ऑक्साइड सहजी उडत नाही. सेंद्रिय मॅजेंटा मात्र पश्चिमेच्या उन्हात दमतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात, काचेलगतच्या भिंतीसाठी मी तरी दुसराच प्रकार घेईन.

प्लास्टर नवे असेल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय, साधारण चार आठवडे थांबल्याशिवाय रंगाला हात लावू नये. खार फुटला तर पांढऱ्या भिंतीवर तो लपतो, या रंगावर त्याचे नकाशे उमटतात.

फिनिशबद्दल एकच सांगतो. हा रंग मॅटमध्येच शोभतो. चकाकी आली की भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो आणि रंगाचा शांतपणाही जातो. परंतु मॅटवर नख, पिशवी, खुर्ची घासली की पांढरट ओरखडे उठतात आणि पुसायला गेल्यास तिथे चमक येते. दुकानात बसायची गादी किंवा खुर्च्या जिथे असतील तिथे कमरेइतक्या उंचीपर्यंत सागवानी पट्टी किंवा धुता येईल असे सॉफ्ट शीन (किंचित चकाकीचे फिनिश) द्यावे. सगळे डबे एकाच वेळी काढून मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत आणि एक डबा टचिंगसाठी सीलबंद ठेवावा, कारण नंतर मशीनवर काढलेला डबा याच क्रमांकाचा असला तरी भिंतीवर ठिगळ दिसण्याची शक्यता असते.

उत्तर: इतवारीकर

मी वेगळे मत मांडतो. कृपया गैरसमज नसावा. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इतवारीत कापडाच्या व्यवहारात आहे. आपल्याकडे अशा रंगाला लोक मळखाऊ म्हणतात. रोजच्या वापराची सतरंजी, प्रवासाची पिशवी, शाळेचा गणवेश यांच्यासाठी तो उत्तमच. पण लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या कुटुंबाला दुकानात शिरताच उल्हास वाटला पाहिजे. राखाडी भिंतीसमोर बसून कोणी पाच साड्यांच्या जागी सात घेत नाही, हा माझा व्यापारी अंदाज आहे. त्यातून नागपूरची उन्हाळी धूळ लक्षात घेता, नवी भिंतसुद्धा धूळ बसल्यासारखी दिसावी हे मला पटत नाही.

तरीही आपला आग्रहच असेल, तर हा रंग भिंतीपेक्षा कापडात आणावा असे मी सुचवेन, कारण तो मुळात रंगाऱ्याच्या हौदातला रंग आहे. आपल्या विदर्भाच्या जंगलांत पळसावर लाख होते. लाखेचा रंग तुरटीबरोबर किरमिजी येतो, आणि त्याच रंगाला लोहाचे पाणी दाखवले की तो झपाट्याने जांभळट राखाडीकडे उतरतो. मंजिष्ठेचेही तसेच आहे : तुरटीवर लाल, लोहावर जांभळटकाळा, आणि दोन्हींच्या मधल्या सगळ्या छटा. सुती कापड असेल तर आधी हिरड्याच्या काढ्यात बुडवावे लागते. नुसता हिरडा आणि लोह यांनीच स्वच्छ राखाडी मिळते, त्यावर मंजिष्ठेचा हलका हात दिला की आपल्याला हवी ती छटा. साडी ठेवायला कागदी पिशवीऐवजी अशा सुती कापडाचे आवरण दिले, तर ग्राहक ते टाकून देणार नाही. रंगाऱ्याला एवढे मात्र बजावावे, की लोहाचे प्रमाण हाताबाहेर जाऊ देऊ नये. जास्त झालेले लोह कापडाचा जीव काढून घेते, आणि रेशमाला ते अधिकच बाधते.

प्रश्नकर्तीचे म्हणणे: रेषारंग

इतवारीकर काका, आपल्या मताचा आदर आहे, आणि आवरणाची कल्पना तर मी आजच मालकीणबाईंना सांगते. मळखाऊपणाच्या आक्षेपाबाबत मात्र थोडे लिहिते. बस्त्याचे दुकान असते तर मीही हा रंग सुचवला नसता. येथे येणारे गिऱ्हाईक एका वेळी एकच साडी, पण हातमागाची आणि विचारपूर्वक घेणारे आहे. तसरचा पोत बारीक गाठींचा, किंचित खडबडीत असतो आणि तो झगमगाटात हरवतो. चकचकीत क्रीम भिंतीसमोर तीच साडी ठेवून पाहिली तर ती मळकट दिसते. या राखाडीसमोर मात्र तिचा मधाळपणा वर येतो. शेव्रल यांचा नियम उलट बाजूनेही लागू पडत असावा, म्हणजे जांभळट भिंत तसरला अधिक पिवळे करत असावी, असे वरील उत्तर वाचल्यावर लक्षात आले.

उत्तर: वास्तुरेखा

अगदी बरोबर. परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, आणि खरे तर आपल्या निवडीचे समर्थन तेच आहे. काकांच्या आक्षेपातही तथ्य आहे : याच भिंतीसमोर वांगी, कोनफळी किंवा राणी रंगाची साडी धरली तर साडी उठून दिसेल, पण भिंत केविलवाणी होईल. अशा साड्या सागवानाच्या कपाटासमोर उलगडून दाखवाव्यात. धुळीचे म्हणाल, तर पांढऱ्या भिंतीवर ती अधिक दिसते, हे काकांनाही मान्य होईल.

उत्तर: छपाईघर (महाल)

ताई, पिशवी आणि संकेतस्थळ हे विषय राहिले आहेत, म्हणून लिहितो. भिंतीपेक्षा छपाईत हा रंग अधिक छळतो.

ऑफसेटवर फोर कलरमध्ये हा रंग काढायचा म्हणजे निळसर, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांच्या जाळ्या एकावर एक बसवायच्या. त्यात मॅजेंटा थोडीशी जास्त सुटली की कागद गुलाबी, निळसर जास्त सुटली की शाळेच्या पाटीसारखा. गडद लाल रंगात एवढा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. राखाडीत तो आंधळ्यालाही दिसावा इतका स्पष्ट असतो. एकाच गठ्ठ्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या पिशवीत फरक पडू शकतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे स्पेशल कलर : शाई आधीच मिसळून घ्यायची आणि एकाच प्लेटने छापायची. पिशवीवर नाव आणि एक नक्षी एवढेच असेल तर हे स्वस्तही पडते. फोर कलर अटळ असेल, तर रंगाचा राखाडी भाग काळ्या शाईवर टाकून बाकीच्या शाया कमीत कमी ठेवायला छपाईपूर्व काम करणाऱ्याला सांगावे. मग मॅजेंटा इकडे-तिकडे झाली तरी तोल फारसा जात नाही.

कागदाची निवडही लक्षात घ्या. छपाईची शाई पारदर्शक असते. तपकिरी क्राफ्ट कागदावर हा रंग छापला तर कागदाचा तपकिरी खालून वर येतो आणि जांभळा मरतो. क्राफ्टच हवा असेल तर स्क्रीन प्रिंटिंगने अपारदर्शक शाई वापरावी, किंवा सरळ उलटे करावे : कागद क्राफ्ट आणि अक्षरे फक्त गडद. माझ्या मते सुंदर पिशवी दुसऱ्या पद्धतीनेच होईल. बिनचकाकीच्या कागदावर शाई आत शोषली जाते आणि रंग मंद पडतो, त्यामुळे शेडबुकातील अनकोटेड बाजूच्या पट्ट्या पाहूनच क्रमांक द्यावा. भिंत आणि पिशवी एकाच दिव्याखाली जुळली म्हणून निश्चिंत राहू नये. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेली एकच छटा एका प्रकाशात जुळते आणि दुसऱ्यात फुटते, हे आम्ही रोज पाहतो. दिवसाच्या उजेडात आणि दुकानातल्या नव्या दिव्याखाली, दोन्हीकडे ताडून पाहावे.

संकेतस्थळाबाबत थोडक्यात. आपल्या मूळ छटेवर पांढरी अक्षरे ठेवली तर त्यांचे तेजस्वितेचे गुणोत्तर ३.८ ला १ असे येते. साध्या मजकुरासाठी वाचनसुलभतेचा सर्वमान्य निकष किमान ४.५ ला १ आहे आणि मोठ्या ठळक अक्षरांसाठी ३ ला १. म्हणजे या छटेवर मथळा चालेल, साडीचे वर्णन आणि किंमत चालणार नाही. मजकुरासाठी त्याच घराण्यातली गडद छटा घ्या, उदाहरणार्थ लाल ११०, हिरवा ९०, निळा १०२. पांढऱ्याशी तिचे गुणोत्तर ६.३ च्या आसपास भरते. पार्श्वभूमी क्रीम ठेवणार असाल तर हे आकडे थोडे घसरतील, तेव्हा पुन्हा मोजून घ्या.

साड्यांची छायाचित्रे याच भिंतीसमोर मोबाइलवर काढणार असाल, तर व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवू नका. चौकटीत एवढी जांभळट राखाडी दिसली की कॅमेरा तिला शुद्ध राखाडी समजून दुरुस्त करायला जातो आणि साडी हिरवट-पिवळी होऊन बसते. आधी एक राखाडी कार्ड धरून बॅलन्स पक्का करावा, मग छायाचित्रे काढावीत. साडीचा रंग वेगळा निघाला म्हणून परत येणारी पार्सले त्यामुळे नक्की कमी होतात.

उत्तर: झिरोमाइल

मी या व्यवसायातला नाही, वाचनाचा छंद आहे. पाटीचा विषय निघाला म्हणून एक ऐतिहासिक गोष्ट सांगतो, तिचा येथे थेट उपयोग आहे.

ताईंनी निवडलेली लाल १५३, हिरवा १२२, निळा १४१ ही छटा इंग्रजीत चक्क माउंटबॅटन पिंक या नावाने ओळखली जाते. हे तेच माउंटबॅटन, जे पुढे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झाले. १९४० साली ते ब्रिटिश आरमारात डिस्ट्रॉयर जहाजांच्या एका ताफ्याचे प्रमुख होते. युनियन-कॅसल कंपनीचे एक जहाज आपल्या जुन्याच फिकट जांभळट राखाडी रंगात तांड्याबरोबर चालले असता, तिन्हीसांजेला इतर जहाजांच्या आधी दिसेनासे होते असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आपल्या ताफ्यातील जहाजे तशाच छटेत रंगवून घेतली. दिवसाच्या इतर वेळी या रंगाचा विशेष लाभ होतो असे काही ठरले नाही आणि पुढे तो मागे पडला. परंतु पहाटे आणि सायंकाळी तो क्षितिजाच्या रंगात मिसळून जातो, एवढे निरीक्षण खरे होते.

आता असे पाहा. उन्हाळ्यात नागपूरकर खरेदीला बाहेर पडतो तो ऊन उतरल्यावर. धरमपेठेत खरी गर्दी दिवेलागणीच्या सुमारास होते. ज्या वेळी ग्राहक रस्त्यावर असतो, नेमक्या त्याच वेळी आपली पाटी अदृश्य होण्याचा गुण या रंगात आहे! युद्धनौकेला तो हवा असेल, दुकानाला खासच नको. आतल्या भिंतीसाठी रंग छानच आहे. पाटीवर मात्र त्याला एकट्याला सोडू नये.

प्रश्नकर्तीचे म्हणणे: रेषारंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माउंटबॅटन साहेबांचा संबंध वाचून मालकीणबाई खूप हसल्या, आणि लगेच पाटीची चिंता करू लागल्या.

आत्तापर्यंत असे ठरले आहे : हा रंग फक्त डाव्या लांब भिंतीवर आणि तोही अधिक राखाडी, रेड ऑक्साइडच्या सूत्राचा, समोरची भिंत कपाटांनीच भरलेली राहील, दिवे ४००० केल्विन, सीआरआय ९० चे, पिशवी क्राफ्टची, गडद अक्षरांची, आणि साडीसाठी सुती आवरण, ज्याचे नमुने रंगाऱ्याकडे टाकले आहेत. दोनच शंका उरल्या आहेत. छत कोणत्या रंगाचे ठेवावे? शेडकार्डातील नेहमीचा शुभ्र पांढरा लावला तर तो या भिंतीला लागून निळसर दिसतो. आणि पाटी याच रंगाच्या पार्श्वभूमीवर करायची झाली तर ती संध्याकाळी वाचता यावी यासाठी काय करावे?

उत्तर: वास्तुरेखा

छताला शुभ्र पांढरा नकोच. तो निळसर झाक देऊनच बनवलेला असतो आणि जांभळट भिंतीशेजारी ती झाक उघडी पडते. भिंतीच्याच सूत्रातील रेड ऑक्साइड अगदी अल्प प्रमाणात टाकलेला उबदार पांढरा घ्यावा, म्हणजे दोघांचे मूळ एक राहील. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे पीओपीची पांढरी पट्टी काढू नये. ती काढली की नजर साडीऐवजी त्या रेषेवर जाते.

पाटीसाठी पार्श्वभूमी भिंतीपेक्षा दोन पायऱ्या गडद घ्यावी आणि अक्षरे फिकट क्रीम, उठावाची करावीत. प्रकाश अक्षरांच्या मागून न देता वरून, ३००० केल्विनच्या पट्टीने द्यावा. तिन्हीसांजेला आकाश निळे-जांभळे असते, त्यासमोर उबदार उजेडातली पाटी लांबूनही वाचता येते. छापील फ्लेक्स किंवा व्हिनाइल टाळून धातूच्या पत्र्यावर रंगवून घ्यावी, कारण पश्चिमेच्या उन्हात मॅजेंटा आणि पिवळी शाई सहसा आधी उडते आणि पाटी वर्षभरात भलत्याच रंगाची होते.

उत्तर: पुट्टी-प्रायमर (सक्करदरा)

पत्रा घेतलात तर आधी झिंक प्रायमर मारून घ्या आणि रंग बाहेरच्या दर्जाचाच वापरा. आतल्या भिंतीचा उरलेला डबा पाटीला लावायचा मोह होतो, तो टाळावा. छताला वर साहेबांनी सांगितलेला पांढरा मशीनवर सहज निघतो. सगळ्यात आधी छत, मग भिंत, आणि कपाटांचे पॉलिश सर्वांत शेवटी, या क्रमाने काम धरा. श्रावणातल्या दमट हवेत पॉलिश लवकर वाळत नाही, तेव्हा पाऊस ओसरल्यावरचा मुहूर्त पाहावा.